जंतू मरतो, विष उरते

सप्ताहाचा काला, लग्नाची पंगत किंवा भंडारा झाला की त्या रात्री उलट्यांचे चार-दोन पेशंट दवाखान्यात येतातच. काय खाल्ले होते असे विचारले, की उत्तरात एक वाक्य हमखास असते: "पण डॉक्टर, सगळं पुन्हा उकळून घेतलं होतं." आजचा लेख या वाक्यावर आहे. उकळल्याने जंतू मरतो हे खरे. पण त्याने अन्नात आधीच सोडून ठेवलेले विष मरत नाही, कारण ते जिवंत नसतेच. माझे मत असे आहे, की आपण जंतूला वाजवीपेक्षा जास्त घाबरतो आणि त्याच्या विषाचा मात्र विचारच करत नाही. त्यामुळे आपल्या अर्ध्या काळज्या चुकीच्या जागी खर्च होतात.

मी बोलतोय तो जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. डॉक्टर लोक त्याला नुसते 'स्टॅफ' म्हणतात. 1880 च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या अलेक्झांडर ऑगस्टन या सर्जनने गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्याला गोल जंतूंचे घोस दिसले. ग्रीक भाषेत द्राक्षाच्या घोसाला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले. आपल्या जालना जिल्ह्यात कडवंचीची द्राक्षे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना चित्र डोळ्यांपुढे आणायला अवघड जाणार नाही. हा जंतू कुठून बाहेरून येत नाही. दहा माणसे उभी केली तर साधारण तिघांच्या नाकात तो आज, या क्षणी, मुक्कामाला असतो आणि त्यांना काहीही होत नाही. नाकातून बोटावर, बोटावरून कातडीवरच्या बारीक चिरेत किंवा पिठाच्या परातीत, एवढाच त्याचा प्रवास.

आपल्या भागात चिरांना तोटा नाही. कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोके नखाच्या कडेला लागतात, उसाचे पाचट हात कापते, पाणी देताना चिखलात पाय भेगाळतात. नखुर्डे, केसतूड, गळू, बेंड ही सगळी बहुतेक वेळा याच जंतूची कामे. नावे वेगवेगळी, कारण जागा आणि खोली वेगळी.

आता तो पेशींचे करतो काय ते पाहू. थोडा वेळ द्या, कारण पुढचे सगळे यावर अवलंबून आहे.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती तेलकट, पातळ पडदा असतो. आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम आणि कॅल्शियम जास्त. हा फरक टिकवणे म्हणजेच पेशीचे जिवंत असणे. स्टॅफचे सगळ्यांत जास्त अभ्यासलेले विष म्हणजे अल्फा टॉक्सिन. त्याचे कण सुटे सुटे बाहेर पडतात आणि एकेकटे असताना फारसे काही करत नाहीत. पेशीच्या पडद्यावर मात्र असे सात कण एकत्र येतात, गोल धरतात आणि त्या गोलातून एक नळी पडद्याच्या आरपार खाली उतरते. बोअर घेताना केसिंग पाइप जमिनीत उतरवतात ना, तसेच समजा. फरक एवढाच, की इथे पाणी वर यायच्या ऐवजी पेशीचे पोटॅशियम बाहेर वाहून जाते आणि कॅल्शियम आत घुसते. पेशी आतून कोलमडते. एका पेशीवर अशा अनेक नळ्या बसतात. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कातडीच्या आणि फुफ्फुसाच्या आतल्या अस्तराच्या पेशी एकमेकींपासून सुटतात. शिंदळकीच्या चोरासारखे लपूनछपून काही नाही, उघड भिंत फोडणे आहे.

दुसरे विष खास आपल्या पांढऱ्या पेशींसाठी बनवलेले असावे असे वाटते. जंतू गिळायला धावणाऱ्या पेशींनाच ते अशाच पद्धतीने भोके पाडते. त्याचे नाव पँटन-व्हॅलेंटाइन ल्युकोसिडिन, थोडक्यात पीव्हीएल. ते स्टॅफच्या सगळ्या जातींत नसते, पण ज्यांत असते त्यांची गळवे मोठी, दुखरी आणि पुन्हा पुन्हा येणारी असतात. पू म्हणजे 'खराब रक्त' नव्हे. त्यात बऱ्याच प्रमाणात लढून मेलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशी असतात. हे कळले की गळवाकडे बघण्याची नजर बदलते.

तिसरे विष भोके पाडतच नाही. ते कात्री आहे. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी ज्या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात, नेमके तेच प्रथिन ते कापते. तान्ह्या आणि लहान मुलांत यामुळे अंगाची कातडी गरम पाण्याने भाजल्यासारखी सोलून निघते. आईबाप घाबरून जातात, कोणी उकळता चहा सांडला का अशी घरात चौकशी सुरू होते. प्रत्यक्षात जंतू नाकात, बेंबीत किंवा डोळ्याच्या कडेला कुठेतरी बसलेला असतो आणि फक्त विष रक्तातून सगळीकडे पोचलेले असते. सोललेल्या जागी जंतू सापडत नाही, तो यामुळेच. वेळेवर उपचार झाले तर अशी मुले बहुधा डाग न राहता बरी होतात, कारण कात्री फक्त वरच्या थराला लागलेली असते.

चौथे विष सर्वांत कावेबाज. ते आपल्याच रोगप्रतिकारक यंत्रणेला खोटी हाळी देते. एरवी एखाद्या जंतूला पाहून शरीरातल्या टी-पेशींपैकी दहा हजारांत एखादीच जागी होते. या विषाने शंभरांत वीस-वीस पेशी एकदम जाग्या होतात आणि मिळेल ते रसायन रक्तात ओततात. खूप ताप, अंगावर लाल पुरळ, रक्तदाब कोसळणे. याला टॉक्सिक शॉक म्हणतात. 1980 च्या सुमारास अमेरिकेत पाळीच्या दिवसांत जास्त शोषणारे टॅम्पॉन बराच वेळ आत ठेवणाऱ्या तरुण स्त्रियांत हा आजार दिसला आणि तेव्हा जगाचे लक्ष गेले. पण जखम, ऑपरेशन किंवा बाळंतपणानंतरही तो होऊ शकतो.

विष किती झटपट काम करते, याचा एक कटू दाखला ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावचा आहे. जानेवारी 1928 मध्ये तिथे घटसर्पाची लस दिलेल्या 21 मुलांपैकी 12 मुले दगावली. लसीचा दोष नव्हता. एकच बाटली पुन्हा पुन्हा वापरली गेली, उन्हाळ्याच्या दिवसांत ती थंड जागी ठेवली नव्हती, तिच्यात जंतू मारणारे औषध मिसळलेले नव्हते आणि तिच्यात स्टॅफ वाढला होता. पुढे नोबेल मिळवणारे मॅकफार्लेन बर्नेट यांनी त्या प्रकरणाचा तपास केला आणि अल्फा टॉक्सिनचा अभ्यास तिथून खऱ्या अर्थाने पुढे सरकला. आज लसीची कुपी किती तास वापरायची आणि कुठे ठेवायची याचे कडक नियम आहेत. सिस्टरने उघडलेली बाटली वेळ संपल्यावर फेकून दिली तर "वाया घालवली" म्हणून तिच्याशी वाद घालू नका.

आता गळवाकडे येतो. गळू दाबून फोडणे हा आपल्याकडे घरगुती खेळ आहे. शेजारची बाई सुई तापवते, कोणी चुना-गूळ लावते, कोणी कांदा भाजून बांधते. शेक देण्याला माझी हरकत नाही, स्वच्छ कपड्याचा गरम ओला शेक चांगलाच. दाबण्याला आहे. गळवाभोवती शरीराने एक भिंत बांधलेली असते. आत विष, मेलेल्या पेशी आणि जिवंत जंतू कोंडलेले असतात. बाहेरून दाबले की माल वर येतो तसाच खालीही सरकतो. नाकावरचे आणि वरच्या ओठावरचे गळू तर मुळीच दाबू नये, कारण तिथल्या शिरांचा रस्ता थेट मेंदूजवळ जातो. आणि नुसत्या गोळ्या घेऊन मोठे गळू बरे होईल ही अपेक्षाही सोडा. पुवाच्या पिशवीत रक्त पोचत नाही, मग औषध कसे पोचणार? चीर देऊन पू काढणे हाच त्याचा उपचार. त्याला घाबरून आठ दिवस दुकानातून गोळ्या आणणारे पेशंट पाहिले की मला चिडचिड होते, हे मान्य करतो.

गोळ्यांबद्दल आणखी एक. काही अँटिबायोटिक जंतूची भिंत फोडून त्याला मारतात, तर काही जंतूचा प्रथिने बनवण्याचा कारखाना बंद करतात. विष हे प्रथिनच असल्यामुळे गंभीर आजारात डॉक्टर कधीकधी दोन्ही प्रकारची औषधे एकत्र देतात: एक मारायला, एक विष थांबवायला. हे वाचून दुकानात जाऊन 'विष थांबवणारी गोळी' मागू नका. कोणती चालेल हे जंतूच्या तपासणीवरून ठरते, आणि अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनीच तर एमआरएसएसारखे नेहमीच्या औषधांना न जुमानणारे स्टॅफ माजले आहेत.

अन्नाच्या बाबतीत गोष्ट आणखी सोपी आणि आणखी दुर्लक्षित आहे. स्टॅफची अन्नात सोडली जाणारी विषे अर्धा तास उकळूनही टिकतात. एका ग्रॅमचा दहा लाखावा भागही पोटात गेला तरी माणूस आडवा होतो. खाल्ल्यापासून अर्धा तास ते आठ तासांत जोरात मळमळ, उलट्या, पोटात कळा, ताप फारसा नाही, आणि बहुधा दिवसभरात उतार. हिशेब करून बघा. एका ग्रॅम बासुंदीत बोटावरचे शंभर जंतू पडले आणि दर अर्ध्या तासाला ते दुप्पट झाले, तर पाच तासांत लाखावर जातात. विष बनायला एवढे पुरते. वास येत नाही, चव बदलत नाही. मीठ आणि साखर यांनी इतर बरेच जंतू मागे हटतात, हा हटत नाही. म्हणून खव्याचे पेढे, बासुंदी, श्रीखंड, उकडून कुस्करलेला बटाटा, सकाळी शिजवून दुपारपर्यंत परातीत पसरलेला भात, ही याची आवडती ठिकाणे.

3 फेब्रुवारी 1975 रोजी टोकियोहून कोपनहेगनला जाणाऱ्या एका विमानात 197 जण एकाच वेळी आजारी पडले. ऑम्लेटसोबतचे मांस हाताळणाऱ्या आचाऱ्याच्या बोटांवर पिकलेल्या जखमा होत्या आणि ते अन्न कित्येक तास पुरेसे थंड ठेवलेले नव्हते. जगातल्या चांगल्या विमान कंपनीत हे होऊ शकते, मग आपल्या भंडाऱ्यात का नाही?

आणि गर्दीची जेवणे हा आता आपल्या भागाचा रोजचा विषय आहे. अंतरवाली सराटीचे नाव 2023 पासून राज्यभर पोचले. 14 ऑक्टोबर 2023 च्या सभेला तिथे किती माणूस आला ते सगळ्यांनी पाहिले. आंदोलन बरोबर की चूक, तो या ब्लॉगचा विषय नाही. माझा विषय आहे इतक्या माणसांच्या पोटाचा. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर गेलेल्या लोकांसाठी गावागावांतून भाकरी, ठेचा, चटणी, लोणचे गेले. डॉक्टर म्हणून सांगतो, प्रवासात पाठवायला याहून शहाणे जेवण नाही. तव्यावर खरपूस भाजलेली भाकरी आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी यात जंतूला वाढायला पाणीच नसते, लोणच्यात आंबटपणा असतो. आजीची शिदोरी कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय बरोबर होती. घोळ होतो तो ओल्या, दुधाच्या आणि तासन् तास कोमट राहिलेल्या पदार्थांत.

20 फेब्रुवारी 2024 ला बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला सप्ताहातल्या एकादशीचा प्रसाद खाऊन शेकडो लोक आजारी पडले. रुग्णालयाबाहेर झाडांना दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगल्याची छायाचित्रे देशभर छापून आली. तिथे स्टॅफच होता असे मी म्हणत नाही, भगरीत बुरशीचे विषही असू शकते. पण अशा प्रत्येक वेळी गावात पहिली कुजबुज एकच असते: कोणीतरी मुद्दाम कालवले. आचाऱ्याच्या अंगावर लोक धावून जातात आणि उरलेले अन्न घाईघाईने उकिरड्यावर जाते. मग तपासायला काही उरत नाही, संशय तेवढा उरतो आणि वर्षानुवर्षे दोन घरांचे बोलणे बंद होते. उरलेल्यातले थोडे स्वच्छ डब्यात झाकून थंड जागी ठेवा आणि आरोग्य खात्याच्या किंवा अन्न व औषध प्रशासनाच्या माणसाच्या हाती द्या. निर्दोष माणसाला वाचवायचा तोच मार्ग आहे.

अशा उलट्यांत अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. जंतू चुलीवरच मेलेला असतो, विष पोटात गेलेले असते. घोट घोट जलसंजीवनी, आणि विश्रांती. सलाईन लावाच असा हट्ट नको. मात्र तान्हे मूल, म्हातारे माणूस, गरोदर बाई, साधे पाणीही टिकत नसलेला किंवा सहा-आठ तास लघवी न झालेला पेशंट असेल तर घरी थांबू नका. गळवाच्या बाबतीत ताप आणि थंडी, वेगाने पसरणारी लाली, धाप, भ्रमिष्टपणा, किंवा गळू येऊन गेल्यावर मूल लंगडू लागणे, यांपैकी काहीही दिसले तर अंबडला उपजिल्हा रुग्णालयात या. तिथून गरज पडली तर घाटीला पाठवतील. वारंवार गळवे येत असतील तर एकदा रक्तातली साखर तपासा. कितीतरी जणांना मधुमेह असल्याचे गळवामुळेच कळते.

राहिला प्रश्न पंगतीचा. आपल्याकडे सेवेला आलेल्या माणसाला "तू आज पीठ मळू नकोस" म्हणणे जड जाते. बोटाला चिंधी बांधलेली मावशी पहाटेपासून राबत असते, तिला कोण अडवणार? माझे म्हणणे, अडवा, पण काम बदलून. पत्रावळ्या मांडायला, पाहुण्यांची विचारपूस करायला, चपला सांभाळायला माणसे लागतातच. हे काम सप्ताहाच्या कमिटीतल्या वडीलधाऱ्याने करावे. डॉक्टरने सांगितले तर मावशीला राग येतो. आणि कढईतले शिजले की एक तर वाफाळते ठेवा, नाहीतर लगेच छोट्या भांड्यांत काढून गार करा. मोठे पातेले झाकून चार तास ठेवले की मधला भाग अंगाइतकाच कोमट राहतो, हात घालून बघा म्हणजे पटेल. अर्थात हात धुऊन.