सॅटेलाइट इंटरनेट येतंय, पण जळालेली सॅटेलाइट जातात कुठे?

दौलताबादच्या किल्ल्यावर मोबाईल वर धरून रेंज शोधलेल्या माणसाला सॅटेलाइट इंटरनेटचं महत्त्व सांगायला नको. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव अशा जिल्ह्यांच्या दुर्गम भागात नेट पोहोचवायचं ठरलंय. मी घरून कोडिंग करणारा माणूस, त्यामुळे मला तर आनंदच झाला.

पण या सॅटेलाइटचं आयुष्य असतं साधारण 5 वर्षं. नंतर ती खाली आणून वातावरणातच जाळतात. मग त्यातलं ॲल्युमिनियम कुठे जातं?

ते शोधलं एका विमानाने. 2023 मध्ये नासाचं डब्ल्यूबी-57 हे विमान अलास्कातून उडालं आणि सुमारे 19 किलोमीटर उंचीवर गेलं. आपला किल्ल्याचा डोंगर पायथ्यापासून साधारण 200 मीटर, म्हणजे असे 95 डोंगर एकावर एक ठेवा! विमानाच्या नाकात बसवलेलं यंत्र हवेतला एकेक कण लेझरने फोडून त्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते ओळखतं. तिथल्या सल्फ्युरिक ॲसिडच्या मोठ्या कणांपैकी जवळपास 10 टक्क्यांत जळालेल्या रॉकेट-सॅटेलाइटचे धातू निघाले. अलास्काच का? कारण हिवाळ्यात ध्रुवाजवळची खूप वरची हवा खाली उतरते आणि वर जळालेला माल सोबत आणते.

ओझोनचा संबंध इथेच येतो. ध्रुवावरच्या थंडीत असल्याच बारीक कणांच्या पृष्ठभागावर निष्क्रिय क्लोरीन सक्रिय होतो आणि ओझोन खातो. 1987 मध्ये नासाच्या ईआर-2 विमानाने चिलीतून अंटार्क्टिकाकडे उडून हेच पकडलं होतं: जिथे क्लोरीन मोनॉक्साइड वाढला, नेमका तिथेच ओझोन घसरला. गंमत म्हणजे त्यातलं एक गाजलेलं मोजमाप 16 सप्टेंबरचं, आणि माँट्रियल करारावर सह्या झाल्या त्याच दिवशी.

धातूंमुळे ओझोनचं नुकसान झालंय असं अजून सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे व्हॉट्सॲपवर घबराट पसरवू नका. पण परवाना देताना सरकार स्पेक्ट्रम आणि सुरक्षा तपासतं, तसंच सॅटेलाइट कशाचं बनलंय आणि दरवर्षी किती टन जळणार, हेही कंपनीकडून लिहून घ्यावं असं मला वाटतं. माँट्रियल कराराने सीएफसीसारखी रसायनं आवरली, पण जळणाऱ्या सॅटेलाइटचं ॲल्युमिनियम त्या यादीत नाही.