घराचे तोंड रस्त्याकडे

गावी जाताना शेजाऱ्यांना सांगून जा, दागिने घरात ठेवू नका, बाहेरचा दिवा सुरू ठेवा. दिवाळीच्या तोंडावर पोलिसांचे हे आवाहन दरवर्षी वर्तमानपत्रांत येते, कारण सुट्टीत कुलूपबंद घरे फुटतात. त्यातल्या पहिल्याच सूचनेपाशी आम्ही अडलो आणि या अंकाचा विषय तिथेच ठरला. वाशिमच्या एखाद्या नव्या ले-आऊटमध्ये राहणाऱ्या शिक्षक दांपत्याने सांगून जायचे कोणाला? डाव्या हाताचा प्लॉट कोणी तरी गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेला, त्यात कमरेइतके गाजरगवत. उजव्या हाताला अर्धवट थांबलेले बांधकाम. समोर घर आहे, पण त्याची भिंत पुरुषभर उंच आणि गेटला पत्रा ठोकलेला. त्या घरात माणसे राहतात, एवढेच माहीत.

घरफोडी झाली की आपण चोराला शिव्या देतो, गस्त वाढवा म्हणतो, कॅमेरे मागतो. ज्या जागेत ती घडली त्या जागेबद्दल कोणी बोलत नाही. रस्ता किती रुंद, भिंत किती उंच, खिडकी कुठल्या बाजूला, खांब कुठे, दुकान कुठे आणि मैदान कुठे, हे सारे माणसांनीच ठरवलेले असते. ते चुकीचे ठरले तर गुन्हा करणाऱ्याला सोय होते आणि नीट ठरले तर त्याची अडचण होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इंग्रजांच्या काळी वाशिम हे जिल्ह्याचे ठिकाण होते. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत वाटला गेला. १ जुलै १९९८ रोजी जिल्हा पुन्हा झाला आणि त्यासोबत कचेऱ्या आल्या, कर्मचारी आले, शाळा-महाविद्यालये, शिकवण्या आणि दवाखाने आले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७८ हजारांवर होती. अकोला, पुसद, हिंगोली, रिसोड, ज्या दिशेला रस्ता गेला त्या दिशेला शेतांचे एन.ए. प्लॉट पडले. हे गाव वाकाटकांच्या काळी वत्सगुल्म नावाची राजधानी होते, पण ज्या वाशिममध्ये आज बहुतेक तरुण कुटुंबे घर शोधतात ते पंचवीस-तीस वर्षांतले आहे. म्हणजे ते आपल्याच डोळ्यांदेखत, आपल्याच सह्यांनी घडले.

जुन्या वाशिममध्ये बालाजी मंदिर आणि देव तलावाच्या आसपास फिरून पाहावे. किंवा कारंज्याला जावे. तिथे दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस ही नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. या वस्त्यांत घराचे दार थेट रस्त्यावर उघडते आणि दाराबाहेर ओटा असतो. ओट्यावर कोणी तूर निवडत बसलेले असते, कोणी पेपर वाचत असते, शेजारच्या गाळ्यात शिंप्याचे मशीन चालू असते. यातले कोणीही पहाऱ्याला बसलेले नाही, सगळे आपापल्या कामात आहेत. तरीही बोळात अनोळखी माणूस दुसऱ्यांदा घुटमळला तर ‘कोणाकडे जायचं, भाऊ?’ हा प्रश्न येतोच. पाहुण्याला त्याने वाट सापडते आणि चोराला परत फिरावे लागते.

नव्या वस्तीत ओटा गेला, त्याच्या जागी पार्किंग आले. आपल्याकडचा उन्हाळा वेगळाच, त्यामुळे रस्त्याकडची खिडकी कुलरने भरली. मे महिन्याच्या रात्री त्या कुलरच्या घरघरीत दाराचा कडीकोयंडा तुटल्याचा आवाजही ऐकू येत नाही. घरचे सगळे गच्चीवर झोपलेले आणि खाली कपाट फोडलेले, ही बातमी विदर्भातल्या वाचकाला दर उन्हाळ्यात वाचावी लागते. उंच भिंतीचेही असेच. चोर भिंतीपाशी पोहोचेपर्यंतच ती त्याला अडवते. एकदा आत उतरला की तीच भिंत त्याला रस्त्यावरच्या नजरेपासून झाकते.

हा विचार जगात नवा नाही. जेन जेकब्स या बाईंनी १९६१ मध्ये अमेरिकी शहरांवर पुस्तक लिहिले. फुटपाथवर सतत वावर असलेली, दुकाने आणि घरे एकत्र असलेली गल्ली आपली राखण आपणच करते, असे त्यांनी न्यूयॉर्कमधल्या स्वतःच्या रस्त्याकडे पाहून मांडले. पुढे ऑस्कर न्यूमन या वास्तुविशारदाने ब्रुकलिनमधल्या दोन सरकारी वसाहती तपासल्या. ब्राउन्सव्हिल आणि व्हॅन डाइक या वसाहती रस्त्याच्या दोन बाजूंना, लोकसंख्या जवळपास तेवढीच, माणसे त्याच परिस्थितीतली. एकीकडे बुटक्या इमारती आणि मोजक्या कुटुंबांचा एक जिना. दुसरीकडे चौदा मजली मनोरे, लांबलचक बोळकांड्या, कोणाचेच नसलेले मोकळे पटांगण. गुन्हे मनोऱ्यांत जास्त होते. सेंट लुइस शहरातली प्रुइट-आयगो ही तेहतीस इमारतींची वसाहत तर वीस वर्षेही नीट टिकली नाही. १९७२ मध्ये सरकारनेच ती पाडायला सुरुवात केली. तिच्या नाशाचे खापर केवळ नकाशावर फोडणे मात्र आम्हाला मान्य नाही. दुरुस्तीला पैसा नव्हता, कारखाने शहराबाहेर गेले होते आणि काळ्या माणसांना वेगळे ठेवण्याचे धोरण होते. नकाशा गुन्हेगार जन्माला घालत नाही, गुन्हा सोपा किंवा अवघड करतो.

जुन्या बोळांचे गोडवे गातानाही एक गोष्ट विसरता येत नाही. ओट्यावरचे डोळे सगळ्यांवर सारखे नव्हते. चोरावर होते तसे ते सुनेवर होते, कॉलेजातून उशिरा परतणाऱ्या मुलीवर होते. आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या वस्त्यांतला माणूस या बोळातून चालला की त्याच्यावर तर रोखलेलेच होते. ज्या नजरेने एकाला सुरक्षित वाटते, तिनेच दुसऱ्याला कोंडून ठेवले. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या स्त्रियांबद्दल २०११ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यात या प्रश्नाला हात घातला आहे. बाईला बाहेर पडायला कारण दाखवावे लागू नये, तिला नुसतेच रेंगाळता यावे, अशी त्यांची मागणी आहे. आम्हाला ती पूर्ण पटते. संध्याकाळी सात वाजता शिकवणी सुटलेल्या मुली चौकात पाणीपुरी खात उभ्या राहू शकतात, ते शहर सुरक्षित. त्यांना लवकर घरी बोलावून घ्यावे लागते, त्या शहरात गुन्हा घडलेला नसला तरी भीती जिंकलेली आहे.

मुंबईतले शक्ती मिलचे प्रकरण आठवते. २२ ऑगस्ट २०१३, संध्याकाळची वेळ. महालक्ष्मी स्टेशनपासून जवळ, लोकलची वर्दळ हाकेच्या अंतरावर. पण गिरणी वर्षानुवर्षे बंद होती, इमारती पडलेल्या, झाडोरा माजलेला आणि चहूबाजूंनी भिंत. कामावर आलेल्या एका तरुण छायाचित्रकार पत्रकारावर तिथे सामूहिक अत्याचार झाला. अपराध त्या नराधमांचाच, त्यात वाटेकरी कोणी नाही. तरीही इतक्या गजबजलेल्या शहराच्या पोटात अशी जागा इतकी वर्षे राहू कशी दिली, हा प्रश्न उरतो. आपल्या जिल्ह्यातही बंद पडलेली गोदामे, ओस सरकारी निवासस्थाने आणि अर्ध्यात सोडलेली संकुले आहेत. त्यांची यादी करायला अपघाताची वाट कशाला पाहायची?

दिव्यांचे तर प्रत्यक्ष मोजमापच झाले आहे. न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत २०१६ मध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या काही ठिकाणी प्रखर दिवे लावले गेले आणि तिथे रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे खांब असतो, एलईडीही असतो, पण तो बहुधा मुख्य रस्त्यावर. बसस्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा वळणाचा तुकडा अंधारात राहतो आणि भीती तिथेच असते.

अतिक्रमण हटाव मोहिमेबद्दलही बोलायला हवे. पानठेला, चहाची टपरी, भुईमुगाच्या शेंगा विकणारी गाडी, ही रस्त्यावरची रात्री दहापर्यंत जागी राहणारी माणसे आहेत. रहदारीला अडथळा म्हणून त्यांना सरसकट उठवले की रस्ता रुंद होतो आणि सुनाही होतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना जागा नेमून देण्याची सोय केली आहे. ती जागा गावाबाहेरच्या ओसाड मैदानात न देता शिकवणी वर्गांच्या आणि बसथांब्यांच्या जवळ द्यावी.

नियम तर कागदावर आहेतच. राष्ट्रीय बांधकाम संहिता कुंपणाच्या भिंतीला दीड मीटरची मर्यादा घालते. भिंत २.४ मीटरपर्यंत न्यायची असेल तर वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसेल असा जाळीचा हवा. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. ती सोडलीही जाते, पण बहुतेकदा नाल्याकाठच्या, विकल्या न जाणाऱ्या कोपऱ्यात, घरांच्या पाठीमागे. तिकडे कोणाचीच खिडकी उघडत नाही. मग तिथे मुले खेळत नाहीत आणि रात्री दारूच्या बाटल्या फुटतात. ही जागा ले-आऊटच्या मध्यभागी, चारही बाजूंनी घरांची दारे तिच्याकडे, अशी दाखवल्याशिवाय नकाशा मंजूर होऊ नये. नगर परिषदेला यासाठी एक रुपयाही खर्च येत नाही.

या अंकातले लेख, कथा आणि कविता याच प्रश्नाच्या आजूबाजूच्या आहेत. वाचकांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा देताना एक विनंती करतो. सुट्टीनंतर आपल्या ले-आऊटचा मंजूर नकाशा नगर परिषदेतून मागून घ्या, लागल्यास माहितीच्या अधिकारात मागा. त्यात खुली जागा कुठे दाखवली आहे आणि आज तिथे काय आहे, हे शेजाऱ्याला सोबत घेऊन पाहून या. आणि कुंपण बांधायला काढले असेल तर गवंड्याला वरचे तीन फूट जाळीचे ठेवायला सांगा.