सेटर उरलासुरला नसतो

मारतहळ्ळीत आल्यापासून (हे नाव मराठ्यांवरून पडलं की मारुत विमानावरून, यावर इथे मजेशीर वाद चालतो) संध्याकाळच्या गेम्स परेडला एकच प्रकार बघतोय. टीम पाडताना आधी उंच पोरं स्मॅशर म्हणून उचलतात. शेवटी जो बुटका उरेल त्याला सांगतात, "तू बॉल उठा." झाला सेटर!

माझं मत उलटं आहे. सेटर आधी निवडा. संघाला तीन टच मिळतात, त्यातला मधला बहुतेक वेळा त्याचा. नेट 2.43 मीटरवर, स्मॅशर कितीही उडो, बॉल नेटला चिकटून आला तर तो काय मारणार? भारताने 1986 च्या सोल एशियाडमध्ये कांस्य जिंकलं, त्यातला जिमी जॉर्ज सगळ्यांना पाठ आहे. त्याला बॉल कोण द्यायचं, असं विचारलं की बराक गप्प.

सेटरला शिकवतात तेही अर्धवट. बोटं कशी ठेवायची ते सांगतात, पण खरं काम पायांचं. बॉल डोक्यावर येण्याआधी पाय तिथे पोचले पाहिजेत, नाहीतर हात ताणून दिलेला बॉल कुठेही जातो. आणि त्याच्याही आधी समोरचे ब्लॉकर कुठे उभे आहेत, ते चोरून बघायचं. हे ओरडून येत नाही. सेट संपल्यावर "तिकडे का दिलास?" असं शांतपणे विचारलं की येतं.

आमच्याकडे साताऱ्याकडचा एक अग्निवीर आहे. कंपनी मॅचला त्याने मधल्या गड्याला झटपट बॉल दिला. त्या वेळी समोर ब्लॉक नव्हता, निर्णय शंभर टक्के बरोबर होता. मधला उशिरा उडाला, पॉइंट गेला आणि शिव्या पडल्या पोराला. "उस्ताद को दे!" तेव्हापासून तो प्रत्येक बॉल डावीकडे उंच देतो. तिथे दोन ब्लॉकर आधीच हात वर करून उभे असतात. परवा म्हणाला, "सर, मला स्मॅशर करा. निदान टाळ्या तरी पडतील."

मी नाही म्हणालो. रोल कॉलआधी वीस मिनिटं त्याला भिंतीवर बॉल खेळवतो. पण भिंत उडत नाही. सेटर आणि मधला यांची जोडी जमायला दोन सीझन लागतात, आणि आपल्याकडे जोडी जमली की एकाची पोस्टिंग येते. स्पोर्ट्सवाल्या साहेबांना विनंती केली आहे: या दोघांना पुढच्या सीझनपर्यंत एकत्र ठेवा. अजून उत्तर नाही.