आधी सांकशी, मग हिमालय

पेणजवळच्या जोहे गावात गणपतीच्या मूर्तीला रंगाचा हात लागतो तो माती नीट सुकल्यावरच; घाई केली की तडा जातो. हिमालयातल्या मोहिमांचे पैसे भरणाऱ्या आपल्या मुलांना मला हेच सांगायचं आहे. हल्ली पैसे मोजले की तंबू, दोर, शेर्पा, जेवण सगळं मिळतं. विरळ हवेत टिकणारं शरीर आणि मागे फिरण्याचं शहाणपण मात्र विकत मिळत नाही. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली 2012 साली आठ जणांना एव्हरेस्टवर पोहोचवलं, 2019 साली दहा जणांना 8,586 मीटरच्या कांचनजुंगावर. संस्था मात्र 1982 सालची! एव्हरेस्टआधीची ती तीस वर्षं कुणी मोजत नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर हात सोलून घेतलेली ती वर्षं मला शिखराइतकीच मोलाची वाटतात. आपल्या पेणजवळ सांकशीचा किल्ला उभा आहे, तुटक्या पायऱ्या आणि कातळातली टाकी घेऊन. आधी तिथे जा, पावसाळा सरल्यावर. गावातला वाटाड्या सोबत घ्या, त्याचं ऐका, आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या.