जहाजांचा रंग व कालवांचा संसार

आपलें काम साधलें कीं साधन निर्दोष ठरलें, असा समज आपणां सर्वांच्याच मनांत रुजलेला असतो. तो किती घातक आहे, हें जहाजांच्या बुडास लावावयाच्या रंगाची हकीकत पाहिली असतां ध्यानांत येतें.

पाण्यांत उभ्या असलेल्या जहाजाच्या बुडास थोड्याच दिवसांत शेवाळ व बार्नाकलसारखे कवचधारी जीव चिकटून बसतात. बूड खरखरीत झालें म्हणजे वेग मंदावतो व इंधन अधिक जळतें. लांकडी जहाजांना तर पोखरणाऱ्या किड्यांचेंहि भय असे. म्हणून १७६१ सालीं इंग्रजांनीं ‘अलार्म’ या लढाऊ जहाजाच्या बुडास तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. पुढें लोखंडी जहाजें आलीं आणि पत्र्याऐवजीं विषारी रंग आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ट्रायब्यूटिल टिन हें कथिलाचें संयुग रंगांत घालूं लागले. तें हळूहळू पाण्यांत उतरे व जवळ येणारा जीव मरे. जहाजांचे मालक संतुष्ट झाले!

पण पाण्यांत उतरलेलें विष जातें कोठें? फ्रान्समधील आर्काशाँचा उपसागर कालवांच्या शेतीसाठीं प्रसिद्ध. १९७५ नंतरच्या कांहीं वर्षांत तेथील कालवांच्या शिंपा वेड्यावांकड्या वाढूं लागल्या, पिलें जगेनात, आणि पिढीजात धंदा बुडण्याची वेळ आली. शोध करितां दोष नौकांच्या रंगाचा ठरला. १९८२ सालीं फ्रान्सनें लहान नौकांना त्याची मनाई केली. जगांतील राष्ट्रांचा करार मात्र २००१ सालीं झाला व २००८ सालीं अमलांत आला.

मग बुडास कांहींच लावूं नये काय? तसें नव्हे. मळलेलें जहाज धूर अधिक ओकतें व एका बंदराचे जीव दुसऱ्या बंदरांत नेऊन सोडतें. परंतु सिलिकोनचे गुळगुळीत लेपहि आज मिळतात. त्यांवर जीवांची पकड घट्ट बसत नाहीं, व जहाज वेगानें चालूं लागलें कीं ते गळून पडतात. हे लेप महाग आहेत, आणि फार काळ उभ्या राहणाऱ्या जहाजास ते तितके उपयोगी पडत नाहींत. तरीहि जेथें ते चालतील तेथें अधिक मोल देऊन तेच वापरावे, असें आमचें स्पष्ट मत आहे. रंगांत वांचलेला पैसा अखेर कालवें पिकविणाऱ्याच्या ताटांतूनच घेतला गेला होता.

कोकणच्या खडकांवरून कालवें काढून संसार चालविणाऱ्या बाया आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. बालमित्रहो, उद्यां तुमच्यांतील कोणी रसायनशास्त्रज्ञ होईल, कोणी जहाजें बांधील. नवी वस्तु हातीं आली असतां ‘हिनें माझें काम होईल काय?’ एवढेंच विचारून थांबूं नका. ‘माझें काम झाल्यावर ही कोठें जाईल, आणि तेथें कोण राहतो?’ हेंहि विचारा, व तें आधीं विचारा.