लॅपटॉपचे कान कोणी कापले?

मस्कतच्या मामाने आणलेला आमचा गेमबॉय, म्हणजे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, अजून ठणठणीत आहे. चार पेन्सिल सेल घातले की टेट्रिस सुरू. त्याचं संगीत लॅपटॉपवर नीट रेकॉर्ड करून ठेवावं, एवढीच माझी हौस. खरं तर एका वायरचं काम. पण हल्लीच्या लॅपटॉपांनी तेही अवघड करून ठेवलंय.

निन्टेंडोने 1989 साली बाजारात आणलेल्या या यंत्रात आवाजाच्या वाटा फक्त चार. दोन चौकोनी लहरींच्या, तिसरीतल्या लहरीचा आकार संगीतकाराने ठरवायचा आणि चौथी नुसत्या खरखरीची. त्या खरखरीतूनच ढोल-झांजा काढायच्या. हिरोकाझू तानाका यांनी टेट्रिसचं संगीत एवढ्यात बसवलं. यंत्राचा स्पीकर एकच, त्यामुळे आवाज मोनो. हेडफोन लावला की मात्र स्टिरिओ: प्रत्येक वाट डावीकडे, उजवीकडे किंवा दोन्हीकडे. म्हणून रेकॉर्डिंग करायचं ते हेडफोनच्या जॅकमधूनच.

आता लॅपटॉपकडे वळा. पूर्वी कित्येक संगणकांना बाहेरचा आवाज आत घ्यायला 'लाइन-इन'चा वेगळा निळा जॅक असे. आता बहुतेक लॅपटॉपांना एकच जॅक, हेडफोन आणि माइक दोन्हींसाठी. साधी वायर खुपसली तर लॅपटॉप तिला हेडफोन समजतो. हेडफोन आणि माइकच्या वाटा वेगळ्या करणारा स्प्लिटर लावला तर आवाज येतो, पण माइकच्या वाटेने. ती वाट मोनो, त्यामुळे फक्त उजव्या बाजूला वाजणारे सूर सरळ गायब होतात. माइकचा क्षीण आवाज मोठा करायची सोय असल्याने उरलेला आवाज फाटतो. वर 'नॉइज सप्रेशन' चालू असेल तर गेमबॉयची चौथी वाट कचरा समजून दाबली जाते. बोलणं स्वच्छ करायला निघालेलं यंत्र तालच झाडून टाकतं!

यावर उपाय आहे. स्टिरिओ लाइन-इन असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यायचा, गेमबॉयचा आवाज बेताचा ठेवायचा, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वात मोठा सूर उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील असं बघायचं. गुणगुण ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहायचा. पण जे पूर्वी अंगभूत होतं, त्यासाठी वेगळे पैसे का मोजायचे?

'हे सगळं यूट्यूबवर मिळतं की,' असं मला ऐकवलं जातं. टेट्रिस मिळेलही. पण आजीच्या जात्यावरच्या ओव्या एखाद्या जुन्या कॅसेटवर असतील, तर त्या कुठे मिळणार? वॉकमनमधून त्या उतरवायलाही हीच वायर आणि हाच लाइन-इन लागतो. कॅसेटची फीत काही आपल्यासाठी थांबून राहत नाही.

सगळ्या लॅपटॉपांना लाइन-इन परत द्या, असा माझा हट्ट नाही. पण आवाज आत घेण्याची सोय आहे का, आणि ती मोनो की स्टिरिओ, हे खोक्यावर ठळक छापायला कंपन्यांना काय हरकत आहे? प्रोसेसर आणि रॅमचे आकडे छापतातच ना? तोवर लॅपटॉप घेताना दुकानदाराला एवढं जरूर विचारा: यात बाहेरचा आवाज स्टिरिओत रेकॉर्ड होतो का? गिऱ्हाईक विचारायला लागलं, की उत्तरं आपोआप खोक्यावर येतील.