एचआरला सांगू का?

मलेरिया झाला की आपण बॉसला बिनधास्त फोन करतो. ब्लड रिपोर्टसकट! 'डिप्रेशनच्या गोळ्या सुरू आहेत' हे वाक्य मात्र घशातच अडकतं. पुण्या-मुंबईत निदान गर्दीत लपता येतं. शिरपूरला ती सोय नाही. एचआरमधली मुलगी मावशीच्या गल्लीतली, मेडिकलवाला काकांचा वर्गमित्र. पन्नासेक किलोमीटरवर धुळ्याला जाऊन डॉक्टरांना दाखवलं, तरी बसस्टँडवर कुणीतरी 'काय रे भो, इकडे कुठे?' विचारणारच. आणि बातमी ऑफिसपुरती थोडीच राहते? ती थेट बहिणीच्या स्थळापर्यंत पोचते. त्यामुळे 'मोकळेपणाने बोला' हा सेलिब्रिटी सल्ला इथे जरा महागात पडतो. दीपिका पदुकोण 2015 मध्ये स्वतःच्या डिप्रेशनबद्दल बोलली, मस्तच झालं. पण तिला कुणी प्रोबेशनवर ठेवलेलं नव्हतं!

मग गप्प बसायचं? समजा, तुम्ही टेक्स्टाइल पार्कमध्ये नोकरीला आहात. बायपोलर डिसऑर्डर आहे, पण गोळ्यांवर सगळं छान चाललंय. आणि पुढच्या महिन्यापासून नाइट शिफ्ट लागली. बायपोलरमध्ये झोपेचं गणित बिघडलं की आजार उचल खाऊ शकतो. इथे गप्प राहणं म्हणजे पगारासाठी तब्येत पणाला लावणं. पण म्हणून आजाराचं नावच सांगायला हवं असं कुठे आहे? गरज सांगा. 'माझे उपचार सुरू आहेत, डॉक्टरांनी रात्रपाळी टाळायला सांगितली आहे, दिवसाची शिफ्ट मिळावी.' बास! सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि सगळं ई-मेलवर. चहाच्या टपरीवर अजिबात नाही. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा तुमच्या डॉक्टरांना गुप्तता पाळायला बांधतो. टपरीवरच्या मित्राला नाही.

नाव सांगायची वेळ येते ती हक्क मागताना. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही धरला आहे. सीआरपीएफमधले अधिकारी रविंदरकुमार धारीवाल यांना ओसीडी आणि डिप्रेशन होतं, आणि त्यांच्यामागे खातेनिहाय चौकशी लागली होती. 17 डिसेंबर 2021 ला सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: अशा कारवाईमागे आजार हा एक जरी घटक असला, तरी भेदभावापासून संरक्षण मिळतं. अर्थात त्यासाठी आजाराची कागदोपत्री नोंद हवी. हे प्रकरण सरकारी नोकरीतलं, हे खरं. पण वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कंपनीनेही 'समान संधी धोरण' ठेवायचं असतं. तुमच्या ऑफिसात ते आहे का, की फक्त डायव्हर्सिटीचं पोस्टर आहे, हे तोंड उघडण्याआधी गुपचूप बघून घ्या.

आणि हो, जॉइनिंगच्या मेडिकल फॉर्मवर किंवा इन्शुरन्सच्या कागदावर थेट प्रश्न असेल, तर खोटं लिहू नका. न सांगणं वेगळं आणि सहीनिशी नाकारणं वेगळं. दुसऱ्यात क्लेमही जाऊ शकतो आणि नोकरीही. फॉर्म भरायच्या आधी कुणाशी तरी बोलावंसं वाटलं, तर टेली-मानसचा 14416 आहे. सरकारी, 2022 पासून सुरू, फुकट, मराठीतही. धुळ्यापर्यंत जावं लागत नाही.